दुर्गा खोटे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट आणि रंगभूमीवरच्या अभिनेत्री दुर्गा खोटे यांच्याविषयी गोव्यातून सतत येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. कोणाला शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती हवी असते, कोणाला प्रश्नमंजूषेसाठी, कोणाला वाचनालयातल्या कार्यक्रमासाठी किंवा नाट्यमंडळाच्या स्मरणिकेसाठी. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथं दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो, तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. दुर्गा खोटे गोव्याच्या का? त्यांचा जन्म गोव्यात झाला का?

घराणं गोव्याचं, जन्म मुंबईचा. जन्मतारीख १४ जानेवारी १९०५. माहेरचं आडनाव लाड, वडील पांडुरंग शामराव लाड, आई मंजुळाबाई. घरात कोंकणी बोलली जायची. त्यांचं बालपण गिरगावातल्या कांदेवाडीत मोठ्या एकत्र कुटुंबात गेलं. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीज अंमल होता आणि शिक्षण, नोकरी, व्यापारासाठी मुंबई गाठलेली गोमंतकीय कुटुंबं गिरगावाच्या आसपास पुष्कळ होती.

प्रकल्पात ‘जन्म मुंबई, मूळ गोवा’ असं लिहा. ‘गोव्यात जन्मलेली अभिनेत्री’ असं लिहिलंत तर ती चूक ठरेल. आपलं नातं घराण्यातून आणि घरातल्या भाषेतून येतं, आणि ते तेवढंच सांगितलं तरी पुरेसं आहे.

२. त्या किती शिकलेल्या होत्या?

शाळा कॅथीड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स, दोन्ही मुंबईतली. कॉलेजात असतानाच त्यांचं लग्न खोटे घराण्यातल्या विश्वनाथ खोटे यांच्याशी झालं. ते इंजिनिअर होते. दुर्गाबाईंचं इंग्रजी उत्तम होतं. इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांच्या १९६३च्या ‘द हाउसहोल्डर’ या चित्रपटात नायकाच्या आईच्या भूमिकेत ते ऐकता येतं.

३. एवढ्या चांगल्या घरातली बाई त्या काळी सिनेमात कशी काय आली?

हौसेपायी नव्हे, गरजेपायी. सासरची आर्थिक घडी विस्कटली होती आणि बकुल आणि हरीन ही दोन लहान मुलं पदरात होती. १९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी छोटं काम केलं. त्यातून नाव झालं नाही, उलट बोलणीच खावी लागली. पण त्याच सुमारास कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीला तिच्या पहिल्या बोलपटासाठी तारामती हवी होती, आणि व्ही. शांताराम यांनी दुर्गाबाईंना निवडलं (पुढचं उत्तर ४ मध्ये).

या प्रश्नातल्या ‘चांगल्या घरातली’ या शब्दांपाशी थोडं थांबायला हवं. ‘सिनेमात आलेली प्रतिष्ठित घरातली पहिली स्त्री’ असं त्यांच्याविषयी सर्रास लिहिलं जातं. त्यांच्या येण्यानं शिकलेल्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींसाठी ही वाट मोकळी झाली, एवढं त्यातलं खरं. पण त्यांच्याआधी ज्या स्त्रियांनी रंगभूमी, गाणं आणि मूकपट उभे केले, त्यांना हे विशेषण नकळत खाली ढकलतं. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका ज्या गोव्यात जन्मल्या, तिथं तरी असं वाक्य विचार न करता लिहू नये. ‘शिकलेल्या मध्यमवर्गीय घरातून आलेल्या आरंभीच्या अभिनेत्रींपैकी एक’ हे अचूक आहे आणि कोणाला कमी लेखतही नाही.

४. ‘अयोध्येचा राजा’ त्यांचा पहिला चित्रपट ना? आणि तो हिंदी की मराठी?

पहिला नाही. पहिला ‘फरेबी जाल’ (उत्तर ३). ‘अयोध्येचा राजा’ हा त्यांचा नायिका म्हणून पहिला बोलपट, आणि मराठीतलाही पहिला बोलपट, १९३२चा. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई, दिग्दर्शन शांताराम यांचं.

भाषेचा गोंधळ का होतो हे समजून घेतलं तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात. हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित झाला. हिंदीचं नाव ‘अयोध्या का राजा’. आज करतात तसं एका भाषेत चित्रण करून दुसऱ्या भाषेतले आवाज चढवायची सोय तेव्हा नव्हती. सेट तोच, वेशभूषा तीच, पण प्रवेश एकदा मराठीत आणि पुन्हा हिंदीत करायचा. त्यामुळे दोन्ही आवृत्त्यांत तोच प्रवेश थोडा वेगळा दिसतो: हात वेगळ्या क्षणी उचलला जातो, थांबण्याची जागा बदलते. एखाद्याने ‘मी पाहिलेल्या प्रतीत हे दृश्य असं नव्हतं’ म्हटलं तर दोघंही बरोबर असू शकतात.

गाण्यांचीही तीच तऱ्हा. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५च्या सुमारास आलं. १९३२ साली नट कॅमेऱ्यासमोर गायचा आणि साजिंदे चौकटीच्या अगदी बाहेर बसून वाजवायचे. मायक्रोफोन लपवावा लागे आणि नटाला त्याच्यापासून फार लांब जाता येत नसे. म्हणून त्या काळचे नट गाताना एका जागी खिळल्यासारखे दिसतात. एक शब्द चुकला तर पूर्ण शॉट पहिल्यापासून. हे ध्यानात ठेवून तारामतीचे प्रवेश पाहा. यंत्राची इतकी बंधनं असताना चेहऱ्यावरचा भाव कुठंही घट्ट झालेला नाही, ही त्या कामाची खरी कमाई आहे.

५. म्हणजे त्या स्वतः गायच्या?

सुरुवातीच्या बोलपटांत हो, कारण दुसरा पर्यायच नव्हता (उत्तर ४). पार्श्वगायन रुळल्यावर त्या केवळ अभिनयाकडे वळल्या. गायिका-अभिनेत्री म्हणून त्यांची नोंद करू नका. तो मान प्रभातमध्येच शांता आपटे यांचा.

६. भारतीय सिनेमातली पहिली अभिनेत्री दुर्गाबाईच ना?

ही नावांची गल्लत आहे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढे कमलाबाई गोखले) यांनी कामं केली. पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया त्या. त्या वेळी दुर्गा खोटे आठ वर्षांच्या होत्या. प्रश्नमंजूषा काढणाऱ्यांनी ‘दुर्गाबाई’ एवढंच न लिहिता आडनाव घालावं, नाहीतर उत्तरावरून वाद होतो.

७. प्रभातमधल्या त्यांच्या कोणत्या भूमिका पाहाव्यात?

तीन. ‘अयोध्येचा राजा’तली तारामती झालीच. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी आहेत. तारामती सोसणारी, ही हुकूम सोडणारी. दोन्ही एकाच वर्षी आल्या हे लक्षात घेतलं की त्यांचा आवाका कळतो.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची भूमिका म्हणजे १९३६च्या ‘अमरज्योती’मधली सौदामिनी. स्वतःच्या मुलाचा ताबा कायद्यानं नाकारला गेलेली आई समुद्री चाच्यांची पुढारी होते आणि सत्तेविरुद्ध उठते. तिच्यासमोर चंद्रमोहन, त्याच्या त्या घाऱ्या डोळ्यांसह. बाईच्या रागाला पूर्ण चित्रपटाचं केंद्र देणं १९३६ साली धाडसाचं होतं, आणि तो राग आक्रस्ताळा होऊ न देणं ही दुर्गाबाईंची ताकद. त्या आवाज चढवत नाहीत. मान ताठ होते, नजर स्थिर होते आणि वाक्याचा शेवट खाली येतो. अभिनय शिकणाऱ्यांनी ही लकब पुन्हा पुन्हा पाहावी. पुढे ‘पृथ्वीवल्लभ’मध्येही (१९४३) सोहराब मोदींच्या राजा मुंजासमोर मृणालवती म्हणून त्या तिचाच वापर करतात.

८. त्या प्रभातच्या पगारी नटी होत्या, मग कलकत्त्याच्या चित्रपटांत कशा?

त्या काळी नट एका कंपनीत महिन्याच्या पगारावर असत आणि बाहेरचं काम घेत नसत. दुर्गाबाईंनी ही चौकट फार लवकर मोडली. १९३३ साली न्यू थिएटर्ससाठी देवकी बोस यांचा ‘राजरानी मीरा’ केला, १९३४ साली ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी त्यांचाच ‘सीता’. ‘सीता’ त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. मग परत प्रभातमध्ये ‘अमरज्योती’. वेगवेगळ्या कंपन्यांत ठरावीक कामापुरता करार करणाऱ्या आरंभीच्या कलावंतांत त्यांचं नाव घ्यावं लागतं.

या दोन्ही कलकत्ता चित्रपटांत त्यांच्यासोबत पृथ्वीराज कपूर होते. १९३४ला राम आणि सीता झालेली हीच जोडी १९६०च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये अकबर आणि जोधाबाई म्हणून समोरासमोर आली. तिथं नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभी राहिलेली जोधाबाई बघताना ही २६ वर्षांची ओळख ठाऊक असली, तर त्या प्रवेशांचं वजन वाढतं.

९. त्यांनी चित्रपटनिर्मितीही केली का?

केली. १९३७ साली ‘साथी’ची निर्मिती त्यांनी केली. त्याची मराठी आवृत्ती ‘सवंगडी’. तेव्हा निर्मितीत उतरलेल्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९५०च्या दशकात त्यांनी लघुपट आणि माहितीपट काढणारी ‘फॅक्ट फिल्म्स’ सुरू केली, पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’.

आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं: दूरदर्शनवरची १९८८ची ‘वागले की दुनिया’ ही त्यांच्याच संस्थेची निर्मिती. आर. के. लक्ष्मण यांची पात्रं, दिग्दर्शन कुंदन शहा, भूमिकांत अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. ज्या बाईंनी पहिला मराठी बोलपट केला, त्यांच्याच संस्थेनं छप्पन्न वर्षांनी दूरचित्रवाणीवरचं मध्यमवर्गीय घर लोकांपुढं आणलं.

१०. त्या आईच्या भूमिकांकडे केव्हा वळल्या?

सगळे ‘मुघल-ए-आझम’ म्हणतात, पण वळण त्याच्या वीस वर्षं आधीचं. आचार्य अत्रे यांच्या १९४१च्या ‘पायाची दासी’त (हिंदी ‘चरणों की दासी’) त्या वनमालाबाईंची छळणारी सासू झाल्या. वय ३६. त्या वयाची नायिका सासू व्हायला सहसा तयार होत नाही, आणि इथं तर त्याच भूमिकेसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघटनेनं त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं. पाठोपाठ विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये (१९४२) कैकेयी, त्यासाठीही तोच सन्मान. त्यांनी गाजवलेल्या आईच्या भूमिका अशा नुसत्या मायाळू नाहीत, त्यांना सत्ता आहे आणि मतं आहेत.

पुढच्या पिढीच्या मनातली त्यांची प्रतिमा १९७२ ते १९८० या काळातली: ‘बावर्ची’तली मोठी सून, ‘अभिमान’मधली मावशी, ‘बिदाई’तली आई, ‘कर्ज’मधली मुलाची वाट पाहणारी आई. या भूमिका चांगल्याच आहेत. पण केवळ त्यांवरून दुर्गाबाईंना ओळखणं म्हणजे कादंबरी शेवटच्या प्रकरणापासून वाचणं.

११. ‘बॉबी’तली आजी गोवेकर दाखवली आहे, तिच्याविषयी सांगा.

१९७३च्या ‘बॉबी’त दुर्गाबाई मिसेस ब्रागांझा आहेत. श्रीमंत घरातल्या राजला लहानपणी सांभाळणारी बाई आणि बॉबीची आजी. प्रेमनाथ बॉबीचे वडील. गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबाला एवढ्या मोठ्या हिंदी चित्रपटात मध्यवर्ती जागा मिळाली हे खरं, आणि त्यातली मद्याची बाटली आणि मोडकं हिंदी आपल्याला खटकतं हेही खरं. हिंदी सिनेमानं गोवेकराचं जे ठरावीक सोंग करून ठेवलं होतं, त्यापासून दुर्गाबाईंनी आपली आजी दूर ठेवली. उच्चारांची थट्टा नाही, हातवाऱ्यांचा अतिरेक नाही. पोरक्यासारख्या वाढलेल्या मुलावर जीव लावणारी, आपली पायरी ओळखून असणारी, पण लाचार नसलेली म्हातारी. तिच्यात आपल्या वाड्यावरच्या एखाद्या मायचा भास होतो तो त्यामुळेच.

१२. आमचं नाट्यमंडळ जत्रेत नाटक करतं. दुर्गाबाई रंगभूमीवर होत्या का?

होत्या, आणि मनापासून. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यचळवळीशी त्यांचं जवळचं नातं होतं. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त त्यांनी आनंदीबाई केली. वि. वा. शिरवाडकर यांनी ‘मॅकबेथ’वरून केलेल्या ‘राजमुकुट’मध्ये लेडी मॅकबेथच्या जागची भूमिका केली. दोन्ही स्त्रिया सत्तेच्या मोहात नवऱ्याला पुढं ढकलणाऱ्या.

‘भाऊबंदकी’ आजही जत्रांना होतं, म्हणून एक सूचना. आनंदीबाई करणारी नटी पहिल्या अंकापासूनच कपटी दिसायला लागली की नाटक तिथंच संपतं. आधी राघोबाच्या अपमानानं दुखावलेली पत्नी उभी करा, मग तिची महत्त्वाकांक्षा पटते. सौदामिनीचे प्रवेश (उत्तर ७) या कामासाठी तालमीआधी पाहण्यासारखे आहेत.

१३. त्यांना कोणते पुरस्कार मिळाले? वर्षांसह हवे आहेत.

संगीत नाटक अकादमी १९५८. पद्मश्री १९६८. ‘बिदाई’साठी फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार. दादासाहेब फाळके पुरस्कार १९८३. पत्रकार संघटनेचे दोन सन्मान उत्तर १० मध्ये आहेत. भारतीय सिनेमाच्या शंभरीनिमित्त ३ मे २०१३ रोजी निघालेल्या टपाल तिकिटांत त्यांचंही तिकीट आहे.

‘नायिका म्हणून फिल्मफेअर का नाही?’ असंही विचारतात. ते पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, तोवर त्यांचा नायिकेचा काळ केव्हाच सरला होता. फाळके पुरस्कार मिळालेल्या त्या चौथ्या स्त्री: आधी देविका राणी, सुलोचना (रूबी मायर्स) आणि कानन देवी. त्यांना तारामती देणारे शांताराम यांना तो त्यांच्यानंतर, १९८५चा मिळाला.

१४. शुभा खोटे आणि विजू खोटे त्यांची मुलं का?

नाही, पुतणी आणि पुतण्या. विश्वनाथ खोटे यांचे भाऊ नंदू खोटे हे रंगभूमी आणि मूकपटांतले नट, शुभा आणि विजू ही त्यांची मुलं. ‘शोले’तला कालिया म्हणजे हे विजू. भावना बलसावर या शुभाताईंच्या कन्या. दिग्दर्शिका विजया मेहता यांचंही नातं आहे. त्यांचं पहिलं लग्न दुर्गाबाईंचे चिरंजीव हरीन यांच्याशी झालं होतं. हरीन यांचं अकाली निधन झालं.

१५. वाचनालयात त्यांच्यावर दीड तासाचा कार्यक्रम करायचा आहे. काय दाखवावं?

प्रास्ताविक १० मिनिटं. ‘अयोध्येचा राजा’ १५, ‘अमरज्योती’ १५, ‘पृथ्वीवल्लभ’मधला मुंज आणि मृणालवतीचा सामना १०, ‘मुघल-ए-आझम’ १२, ‘बॉबी’ किंवा ‘बावर्ची’ १०, उरलेला वेळ चर्चेला. क्रम उलटा करू नका. ओळखीची आई आधी दाखवली की लोक तारामतीतही तीच शोधत बसतात.

बिघाड होतो तो तीन ठिकाणी. जुन्या चित्रपटांची चौकट चार बाय तीनची असते. प्रोजेक्टर रुंद चौकटीवर राहिला तर चेहरे फुगीर दिसतात, म्हणून सेटिंग आधी बदला. १९३०च्या दशकातला ध्वनी खरखरतो. आवाज वाढवल्यानं खरखरही वाढते. त्यापेक्षा स्पीकरचा ट्रेबल कमी करा, स्पीकर प्रेक्षकांच्या जवळ आणा आणि त्या पंधरा मिनिटांपुरते पंखे बंद ठेवा. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली हा कार्यक्रम ठेवूच नये, संवाद कानी पडत नाहीत. आणि प्रत मराठी आहे की हिंदी ते आदल्या दिवशी संपूर्ण चालवून तपासा (कारण उत्तर ४ मध्ये).

१६. असे चित्रपट जाहीरपणे दाखवायला परवानगी लागते का?

भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्या हिशेबानं १९३० आणि ४०च्या दशकातल्या चित्रपटांची मुदत संपली आहे. ‘बॉबी’ची २०३३ अखेर संपेल, तोवर संपूर्ण चित्रपट दाखवायचा तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. अपवाद ध्यानात ठेवा: ‘मुघल-ए-आझम’ १९६०चा असला तरी त्याची रंगीत आवृत्ती २००४ची आहे, तिच्यावर वेगळा हक्क सांगितला जाऊ शकतो. कृष्णधवल प्रत वापरणं सुरक्षित, आणि पाहायलाही तीच योग्य.

१७. त्यांचं शेवटचं वास्तव्य कुठं होतं?

अलिबागला. तिथंच २२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी त्यांचं निधन झालं. ‘मी दुर्गा खोटे’ हे त्यांचं मराठी आत्मचरित्र आहे, शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेलं. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात किंवा आपल्या तालुक्याच्या वाचनालयात मराठी चरित्र विभागात विचारा.

१८. एकाच गोष्टीची दोन वर्षं दिसतात. कोणतं धरावं?

चित्रपटासाठी प्रदर्शनाचं वर्ष, पुरस्कारासाठी तो ज्या वर्षाचा म्हणून जाहीर झाला ते वर्ष. ‘बिदाई’ १९७४चा, सोहळा १९७५चा. ‘चरणों की दासी’ १९४१चा, सन्मान १९४२चा. फाळके पुरस्कार १९८३चा, प्रदान पुढच्या वर्षी. द्विभाषिक चित्रपटांत मराठी आणि हिंदी आवृत्त्या वेगवेगळ्या वेळी पडद्यावर येत, म्हणून ‘साथी’ आणि ‘सवंगडी’सारख्या जोडीत एका वर्षाचा फरक आढळला तर तो छपाईचा दोष समजू नका. प्रकल्पात दोन्ही वर्षं भाषेच्या नावासह लिहा, म्हणजे तपासणाऱ्या शिक्षकांनाही शंका राहत नाही.